एका एजवर किती पीस?

भोसरी एमआयडीसीतल्या सीएनसी शॉपमध्ये धातू कापायचे इन्सर्ट घेताना नुसती किंमत विचारून कुणी थांबत नाही. विक्रेत्याने दोन डब्या समोर ठेवल्या, एकीतला इन्सर्ट १५० रुपयांचा आणि दुसरीतला २५० रुपयांचा असला, तर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: एका एजवर, म्हणजे कापणाऱ्या एका धारेवर, किती पीस निघतात? चार एजच्या १५० रुपयांच्या इन्सर्टने एजमागे ४० पीस दिले, तर पीसमागे साधारण ९४ पैसे पडतात. २५० रुपयांच्या इन्सर्टने एजमागे १०० दिले, तर ६३ पैशांच्या आत काम होते. एज बदलायला मशीन थांबवावे लागते, तो वेळ वेगळाच. हा हिशेब करायला इंजिनिअर लागत नाही. आयटीआय करून नुकता लागलेला ऑपरेटरही काही दिवसांत तो तोंडी करू लागतो.

हाच ऑपरेटर पगारानंतरच्या रविवारी पिंपरी कॅम्पात दहावीतल्या बहिणीसाठी टॅब बघायला जातो, तेव्हा हा हिशेब त्याला करता येत नाही. खोक्यावर रॅम असते, स्टोरेज असते, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल असतात, ठळक अक्षरांत सवलतीची किंमत असते. हे यंत्र किती वर्षे कामाचे राहील, त्याची बॅटरी कधीपर्यंत मिळेल, त्याला सुरक्षेचे अपडेट कोणत्या महिन्यापर्यंत येतील, यातले काहीच छापलेले नसते. आयुष्याचा आकडा गाळून सांगितलेली किंमत ही अर्धी किंमत आहे, आणि उरलेली अर्धी गिऱ्हाइकाला नंतर भरावी लागते. स्वस्त उपकरणांनी गरिबाला जग खुले केले, हे मला मान्य आहे. पण कोणते उपकरण स्वस्त, हे ठरवायला लागणारी माहितीच त्याच्यापासून दूर ठेवली जाते, याचा मला राग येतो.

या बाबतीत सरकारच्या 'आकाश' टॅबकडे पुन्हा एकदा नीट पाहायला हवे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिबल यांनी तो टॅब देशासमोर ठेवला, तेव्हा जगातला सर्वांत स्वस्त टॅब म्हणून त्याची बातमी सगळीकडे गेली. ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, बोटाने दाबल्याशिवाय न ऐकणारा पडदा. तक्रारी आल्या, वाद झाले, आणि प्रकल्प आयआयटी मुंबईकडे आला. तिथे प्रा. दीपक फाटक यांनी त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. विद्यार्थ्याने टॅबवर नुसते व्हिडिओ बघू नयेत, त्यावर प्रोग्रामही लिहावेत, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्या दृष्टीने सी, पायथॉन, सायलॅब अशी साधने त्यावर आणण्याचे काम त्यांच्या गटाने केले. ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' आला: १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, बरा पडदा. सरकारला तो २,२६३ रुपयांना पडत होता आणि विद्यार्थ्याला १,१३० रुपयांना द्यायचा होता. प्रा. फाटकांची दृष्टी मोठी होती आणि मला ती आजही मोलाची वाटते. पण त्या काळातली चर्चा आठवून बघा. किंमत किती खाली आली, भाग चिनी की भारतीय, पुरवठा वेळेवर झाला की नाही, यावर रकानेच्या रकाने भरले. तिसऱ्या वर्षी बॅटरी कोण बदलून देणार, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकूच आला नाही. पुढे योजना विरली, टॅब कपाटांत गेले, आणि आपण त्यातून फक्त एवढेच शिकलो की आणखी स्वस्त टॅब बाजारात आपोआप येतात.

ते आलेच. आता सात-आठ हजारांत मिळणारा टॅब 'आकाश'च्या कितीतरी पुढे आहे. पण तो अकाली निकामी का होतो, हे कळायला त्याच्या आत काय चालते ते पाहावे लागते. अँड्रॉइडची नवी आवृत्ती गूगलने काढली म्हणून ती टॅबवर येत नाही. आधी चिप बनवणाऱ्याने त्या चिपसाठी नवे ड्रायव्हर द्यावे लागतात, मग टॅबवाल्या कंपनीने ते आपल्या बोर्डावर बसवून, तपासून पाठवावे लागतात. स्वस्त टॅबमध्ये नफा इतका पातळ असतो की विक्री संपताच कंपनीची माणसे पुढच्या मॉडेलला लागतात. मग सुरक्षेची भोके उघडी राहतात आणि एक-एक ॲप 'तुमचे उपकरण चालणार नाही' असे सांगू लागते. दुसरीकडे, आतली स्वस्त फ्लॅश मेमरी ठरावीक वेळाच लिहिता येणारी असते. ती भरत आली की सगळे मंदावते. लिथियमची बॅटरी काहीशे चार्जिंगनंतर आणि उष्णतेने उतरते. चाकणजवळच्या म्हाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांतल्या पत्र्याच्या खोल्यांत एप्रिल-मे महिन्यांत काय तापते, हे तिथे राहिलेल्याला सांगायला नको. बॅटरी फुगते, आणि ती मागच्या बाजूला डिंकाने चिकटवलेली असते. दुरुस्तीवाला हात लावतो आणि म्हणतो, या मॉडेलची बॅटरी येत नाही, डिस्प्लेही येत नाही, नवीनच घ्या. बोर्ड शाबूत असतो, चिप शाबूत असते. हे यंत्र टाकून द्यायचा निर्णय त्या दुकानात झालेला नसतो. तो यंत्राचा आराखडा काढतानाच झालेला असतो.

कंत्राटी कामगाराला आज सात हजारच परवडतात, सहा वर्षे टिकणाऱ्या टॅबचे चौदा हजार तो आणणार कुठून, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो खरा आहे. पण दोन वर्षांत संपणारा सात हजारांचा टॅब वर्षाला ३,५०० रुपयांना पडतो आणि सहा वर्षे चालणारा चौदा हजारांचा २,३३३ रुपयांना. ज्याच्याकडे पैसे कमी, त्यालाच वर्षाचा दर जास्त पडतो. मोठ्या कंपन्यांनी आता सात-सात वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत, गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी, सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी. बाजारात आले तेव्हा दोन्ही फोन पन्नास हजारांच्या वरचे होते. टिकाऊपणा तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, हे त्यातून सिद्ध झाले. तो महागड्या खणात ठेवला गेला आहे, एवढेच.

पिंपरी-चिंचवडमध्ये हा विषय काढण्याला आणखी एक कारण आहे. वस्तू विकल्यानंतर तिचे पुढे काय, याचा विचार या पट्ट्याने पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. आकुर्डीत १९७२ पासून बनलेली चेतक स्कूटर आठवा. चालू होईना तर डावीकडे कलती करायची, किक मारायची. प्लग साफ करायला मेकॅनिक लागत नसे, क्लच वायर तालुक्याच्या गावी मिळे. ती धूर सोडायची, तिचे ब्रेक फारसे चांगले नव्हते, तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावून वाट पाहिली. तो काळ परत यावा असे मला वाटत नाही. पण एकदा घरी आल्यावर ती पूर्णपणे मालकाची होती. तिच्यावर कंपनीची कसलीही दोरी उरत नव्हती.

या पट्ट्याचे सगळेच चित्र स्वच्छ आहे असे मात्र नाही. २०११ साली एका ग्राहकाने केलेल्या तक्रारीवरून चौकशी झाली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजला न देणे, हा ठपका होता. त्या यादीत टाटा मोटर्स, महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, स्कोडा, जनरल मोटर्स ही नावे होती. पिंपरी, चाकण, तळेगाव हा परिसर ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही नावे कंपनीच्या बसवर रोज दिसलेली आहेत. कंपन्या पुढे अपिलात गेल्या आणि प्रकरण लांबले. तरी त्या आदेशातले तत्त्व मला फार महत्त्वाचे वाटते: भाग आणि माहिती अडवून ठेवणे हा ग्राहकावरचा अन्याय आहे, तो केवळ गैरसोय म्हणून सोडून देता येत नाही. गाडीला लावलेले हे तत्त्व टॅबला का नको?

उलट, आता गाडीच टॅबसारखी होऊ लागली आहे. जानेवारी २०२० मध्ये चेतक विजेवर परतली, आणि डिसेंबर २०२३ च्या चेतक अर्बेनमध्ये काही सोयी 'टेकपॅक'चे जादा पैसे भरल्यावर मिळू लागल्या. यात बेकायदा काही नाही, किंमतही उघड सांगितलेली आहे. पण स्कूटर दारात उभी असताना तिची एखादी क्षमता सॉफ्टवेअरच्या पलीकडे राहू शकते, ही आकुर्डीतल्या जुन्या कामगाराला नवी गोष्ट आहे. टॅबच्या बाबतीत आज जे चालवून घेऊ, ते उद्या वाहनाच्या बाबतीत नाकारणे अवघड जाईल.

डेटाच्या साठवणुकीचेही तेच. मायक्रोसॉफ्टच्या अझुर सेवेचा 'सेंट्रल इंडिया' हा विभाग २०१५ पासून पुण्यात आहे, आणि डेटा सेंटरसाठी या कंपनीने पिंपरी-चिंचवडमध्ये २०२२ साली सुमारे २५ एकर जागा ३२९ कोटींना घेतल्याच्या बातम्या छापून आल्या. ज्या शहरात २०१९ च्या नोव्हेंबरपासून नळाला दिवसाआड पाणी आले, त्याच शहरात जगभरच्या कंपन्यांचे हिशेब ठेवणारी यंत्रे चोवीस तास गार ठेवायची आहेत. अशा जागेत आपला डेटा ठेवणारा कारखाना करार करतो. सेवा किती वेळ चालू राहील, बंद पडली तर भरपाई काय, सोडून जायचे तर डेटा कसा परत मिळेल, हे त्यात लिहिलेले असते. कामगाराच्या फोनमधल्या साठवणुकीला असा करार नसतो, 'मान्य आहे' असे बटण असते. १ जून २०२१ रोजी गूगलने फोटोंची अमर्याद फुकट साठवण बंद केली आणि त्यानंतरचे सगळे नवे फोटो १५ जीबीच्या मर्यादेत आले. दोन वर्षे न वापरलेली खाती पुसण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून लागू झाले. व्हॉट्सॲपचा बॅकअपही पुढे त्याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. प्रत्येक बदलाची सूचना आधी दिली होती, सगळा डेटा उतरवून घ्यायची सोयही आहे. पण तो उतरवून ठेवायला लॅपटॉप किंवा डिस्क लागते, आणि ज्याचे सगळे घर एका फोनमध्ये आहे त्याच्याकडे नेमके तेच नसते.

परभणी-नांदेडहून चाकणला आलेल्या पोराचा विचार करा. ठेकेदार बदलला, मधे काही महिने गावी गेला, रिचार्ज राहिले, नंबर गेला. कालांतराने तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळतो. जीमेलचा पासवर्ड विसरलेला असतो आणि ओटीपी जुन्या नंबरवर जातो. आयटीआयचे प्रमाणपत्र, जातीच्या दाखल्याचा फोटो, आईचा शेवटचा व्हिडिओ त्याच खात्यात. पीएफच्या खात्याचीही तीच अडचण. सरकारी कागदांपुरता डिजिलॉकर उपयोगी आहे, ते चांगले पाऊल आहे. आईचा व्हिडिओ मात्र डिजिलॉकरमध्ये नसतो.

युरोपीय संघाने या गोष्टी कायद्यात लिहून टाकल्या. २० जून २०२५ पासून तिथे विकायला येणाऱ्या स्मार्टफोन आणि टॅबसाठी विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत, आणि बॅटरीने ८०० चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता राखली पाहिजे. दुरुस्त करायला सोपे की अवघड, याची श्रेणी लेबलवर छापावी लागते. फ्रान्समध्ये अशी श्रेणी काही उपकरणांवर २०२१ पासूनच आहे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले आणि नंतर दुरुस्ती-निर्देशांकासाठी समितीही नेमली. दिशा बरोबर आहे. पण पोर्टलवर माहिती देणे कंपनीच्या मर्जीवर आहे, आणि मर्जीवर सोडलेली गोष्ट सात हजारांच्या टॅबपर्यंत पोहोचत नाही.

दिल्लीच्या कायद्याची वाट पाहत बसायचे कारण नाही. टॅबचा मोठा गिऱ्हाईक सरकार स्वतः आहे. राज्य सरकारची महाज्योती संस्था जेईई, नीट आणि सीईटीची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना मोफत टॅब देते, रोजच्या इंटरनेटसह. मुंबई महापालिकेने २०१५ साली आठवीच्या मुलांना टॅब दिले. अशा प्रत्येक निविदेत बोली टॅबमागे न मागवता टॅबच्या दर वर्षामागे मागवता येईल, आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेला आपल्या शाळांसाठी ही सुरुवात उद्या करता येईल. कमीत कमी दराचा नियम मोडावा लागणार नाही, दराचे एकक तेवढे बदलेल. ही अट लिहायला माणसे शोधत फिरावे लागणार नाही. निगडी प्राधिकरणात कंपन्यांच्या क्वालिटी विभागांतून निवृत्त झालेली किती माणसे राहतात! व्हेंडरकडून काय लिहून घ्यायचे, हे त्यांनी आयुष्यभर केले आहे. इथे लिहून घ्यायचे ते एवढेच: बॅटरी किती चार्जिंगला तपासली याचा अहवाल, अपडेटचा शेवटचा महिना, बॅटरी आणि डिस्प्लेचा पाच वर्षांचा साठा आणि त्याची आज ठरलेली किंमत, स्क्रू काढून उघडता येणारी मागची बाजू, आणि नमुना म्हणून आलेला टॅब मे महिन्यात पत्र्याखाली महिनाभर चालवून बघण्याची मुभा.