मांडणी हाही धर्मच

ज्ञान सर्वांसाठी खुले आहे, असे जाहीर केले की सांगणाऱ्याचे कर्तव्य संपते का? हा प्रश्न नांदेडात फार जुना आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी इथेच ग्रंथाला गुरुपद दिले. गुरू ग्रंथ साहिबची रचना किती काटेकोर आहे पाहा! बहुतेक बाणी (पदे) रागांनुसार लावलेली, रागात आधी गुरूंची, मग भक्तांची; पदांच्या शेवटी क्रमांक; छापील प्रतीत ठरलेली १४३० अंगे, म्हणजे पाने. आपल्या नामदेवांची ६१ पदे जगातल्या कुठल्याही गुरुद्वारात त्याच अंगांवर सापडतात. जुन्या हस्तलिखितांत मात्र शब्द सलग लिहिलेले असत, आपल्या मोडीसारखे. शब्द सुटे करून छापण्याची पद्धत विसाव्या शतकात रुळली, तीही विरोध पचवून.

तो विरोध हलका नव्हता. शब्द कुठे तोडायचा हे ठरवणे म्हणजे अर्थ ठरवणे. तो अधिकार छापणाऱ्याचा कसा? पण सलग पाठातही शब्द कोणीतरी तोडतोच. ते काम जाणत्याच्या मनात होते आणि नवख्याला त्याच्यावर विसंबावे लागते. छापील पदच्छेद चुकला तर ती चूक उघड दिसते, तिच्यावर वाद घालता येतो. माझ्या मते धर्माच्या दृष्टीनेही हेच अधिक प्रामाणिक आहे.

नवख्याला दुसऱ्यावर विसंबावे न लागता वाचता यावे, हीच कसोटी संकेतस्थळांनाही लावली पाहिजे. मथळा नुसता ठळक केला, पण मथळा म्हणून नोंदवला नाही, तर अंध वाचकाला मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला तो कळत नाही. मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येत नाही, सगळे पहिल्यापासून ऐकावे लागते. सूचनेचा नुसता फोटो चढवला असेल, तर बहुधा काहीच ऐकू येत नाही. लातूरला शिकायला येऊ पाहणाऱ्या अंध मुलाचा प्रवेश अशा पानावर अडू शकतो. भाव महत्त्वाचा, बाह्य रूप नव्हे, असे कोणी म्हणेल. पण रूपावाचून भाव त्याच्यापर्यंत पोहोचणार कसा? असे वाचक थोडे, हा हिशेब तर समतेच्या परंपरेला शोभतच नाही. शिवाय नीट मथळे असलेले पान डोळस माणसालाही मोबाइलवर लवकर उमगते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगांना वापरता येईल अशी मांडणी बंधनकारक केली. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. नांदेड-लातूरच्या संस्थाचालकांना विनंती एवढीच: पुढची सूचना चढवल्यावर अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक हा स्क्रीन रीडर सुरू करा आणि ती डोळे मिटून शेवटपर्यंत ऐका.