मागणाऱ्याची लाज

अन्न ही माणसाची सर्वांत उघड गरज; तरीही ती बोलून दाखविताना माणूस सर्वांत अधिक कचरतो, हे विलक्षण नव्हे काय? आजारी पडलो तर आपण डॉक्टरकडे जातो, कज्जा निघाला तर वकिलाचे दार ठोठावतो आणि त्यात कमीपणा मानीत नाही. मात्र तांदळाचा डबा रिकामा झाला, तर शेजारच्या घरीही ते कळू नये म्हणून आपली धडपड चालते. झाकली मूठ सव्वा लाखाची! परंतु त्या झाकल्या मुठीआड कोणाची मुले अर्धपोटी निजतात, याचा विचार आपण क्वचितच करतो.

अडचणीच्या काळी परक्याकडून शिधा घेणे लाजिरवाणे आहे काय? आणि देणाऱ्याने घेणाऱ्याची परीक्षा कितपत पाहावी? हे दोन प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो.

ज्याला आज जगभर ‘फूड बँक’ म्हणतात, त्या अन्नपेढीचा उगम एका धर्मग्रामात झाला, हे अनेकांना ठाऊक नसेल. अमेरिकेतील फिनिक्स शहरी जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावे चालणाऱ्या अन्नछत्रात सेवा करीत असत. दहा मुलांची एक आई तेथे येई. दुकानांनी टाकून दिलेले, पण खाण्याजोगे अन्न ती मुलांसाठी वेचून नेई. पैशांसाठी जशी पेढी असते, तशी अन्नासाठीही असावी, ही कल्पना तिचीच. व्हॅन हेंगेल यांनी ती मनावर घेतली. सेंट मेरी धर्मग्रामाने त्यांना एक ओस पडलेली इमारत आणि तीन हजार डॉलर दिले. १९६७ साली अन्नपेढी उभी राहिली आणि पहिल्याच वर्षी तेथून २,७५,००० पौंड, म्हणजे सुमारे सव्वाशे टन अन्न वाटले गेले. कल्पना सुचली ती दात्याला नव्हे, तर भुकेल्या मुलांच्या आईला, हे येथे ध्यानात ठेवावे.

‘पेढी’ हा शब्दही किती अर्थपूर्ण आहे! पेढीवर आपण याचना करीत नाही. आपले असते ते काढून घेतो. कोणी म्हणेल, ‘त्या आईने तेथे काय ठेव ठेवली होती?’ याचे उत्तर ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीत आहे. सृष्टीची संपत्ती परमेश्वराने सर्वांसाठी निर्मिली. खासगी मालकी ही तिच्या नीट सांभाळासाठी आहे. पराकोटीच्या निकडीत जगण्यापुरते घेणे ही चोरी ठरत नाही, असा निर्वाळा संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच दिला. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही त्याच विचाराला दुजोरा दिला. तेव्हा भुकेल्याला दिलेला घास हा केवळ आपला मोठेपणा नसून पुष्कळदा त्याचे देणे असते.

यावर व्यवहारी मनुष्य संत पौलाकडे बोट दाखवील. कष्टावाचून अन्न नाही, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस बजावले नव्हते काय? बजावले होते, पण ज्यांची काम करण्याची इच्छाच नाही, अशांना. ज्याचा कारखाना बंद पडला, ज्या घरचा कर्ता अंथरुणाला खिळला, जी विधवा धुणीभांडी करूनही महिन्याची दोन टोके जुळवू शकत नाही, त्यांना हे वचन लावणे म्हणजे पवित्र शास्त्राचा आधार घेऊन दार लावून घेणे होय.

तरीही चौकशीचा प्रश्न उरतोच. वीस पाकिटे असतील आणि चाळीस कुटुंबे येतील, तर विचारणा करावीच लागेल. इंग्लंडमध्ये ट्रसेल ट्रस्टच्या अन्नपेढ्यांनी यासाठी एक रीत घातली. डॉक्टर किंवा समाजसेवक चिठ्ठी देतो आणि ती दाखविली की काही दिवसांचा शिधा मिळतो. अशा रीतीत शिस्त आहे. पण जिची ओळख नाही, त्या व्यक्तीला चिठ्ठी कोण देणार? आपल्याकडे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने पात्र कुटुंबातील प्रत्येकाला दरमहा पाच किलो धान्याचा हक्क दिला. तरी २०२० च्या टाळेबंदीत हजारो स्थलांतरित मजूर शहरांत रिकाम्या हाती राहिले, कारण कित्येकांचे शिधापत्रिकेवरील नाव गावी होते आणि पोट शहरात होते. कागद भुकेच्या मागून चालत येतो. म्हणून आम्हाला वाटते, की पहिला शिधा विचारणेआधी द्यावा. विचारपूस त्यानंतर करावी, आणि तीही नाकारण्यासाठी नव्हे, तर पुढे काय करता येईल हे जाणून घेण्यासाठी. यात एखादा लबाड फसवून जाईल. जावो! एका लबाडाला तांदूळ गेल्याने जे नुकसान होते, त्याहून एक भुकेला रिकामा परतल्याने होणारे नुकसान कितीतरी मोठे आहे.

द्यावे कसे, याचा धडा रूथच्या कथेत आहे. शेताच्या कडा पुऱ्या कापू नयेत, सरवा गरिबासाठी व परक्यासाठी राहू द्यावा, असा नियमशास्त्राचा दंडक होता. बवाजाने त्यापुढे एक पाऊल टाकले. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गाळा आणि तिला धमकावू नका, असे त्याने गड्यांना सांगितले. परकी विधवा आपल्या कष्टाने वेचते आहे, या तिच्या मानाला त्याने धक्का लागू दिला नाही. पाकीट हाती देताना छायाचित्र काढणाऱ्यांनी बवाजाचे हे मौन अवश्य अभ्यासावे.

आणि घेणाऱ्याचे काय? आपल्या माताभगिनी कुंपणावरून वाटीभर तांदूळ, चिमूटभर मीठ हातउसने मागत आल्या आहेत. त्यात लाज नव्हती, कारण आज तुझी पाळी तर उद्या माझी, हे दोघींना ठाऊक असे. घेण्यातही नम्रता लागते. दुसऱ्याला देण्याची संधी देणे हेही एक देणेच आहे.

अर्थात अन्नपेढी हा उपाय तात्पुरता. योग्य मजुरी, औषधपाण्याची सोय, वेळेवर मिळणारे पेन्शन यांची जागा शिध्याची पिशवी घेऊ शकत नाही. परंतु न्याय येईपर्यंत पोट थांबत नाही. आपल्या धर्मग्रामात मिस्साला नियमित येणारे एखादे कुटुंब या महिन्यात कमी जेवत असेल. त्यांनी तोंड उघडण्याची वाट न पाहता, नाव कोठेही न वाचता, संध्याकाळी मागच्या दाराने एक पिशवी पोहोचविता येईल काय? मागणाऱ्याला लाज वाटत असेल, तर त्या लाजेचा काही वाटा आपलाही आहे. तो आपण उचलावा.