आषाढातला मुक्काम

जुलै लागला की कोल्हापुरात पन्हाळा-पावनखिंड मोहिमेची बोलणी सुरू होतात. पेठांतली तरुण मंडळं, कॉलेजांचे गट, गिर्यारोहण संस्था, इतिहासाच्या ओढीनं पुण्या-मुंबईहून येणारी माणसं असे सगळे पन्हाळ्याच्या राजदिंडीतून खाली उतरतात. म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, करपेवाडी अशी पन्नासेक किलोमीटरची वाट दोन दिवसांत तुडवून ते खिंडीत बाजीप्रभूंना मुजरा करतात. वाटेत एक रात्र काढावी लागते. कुणी वाडीतल्या घरात पथारी टाकतं, कुणी शाळेच्या ओसरीवर, तर कुणी मोकळ्यावर तंबू ठोकतं. या एका रात्रीतून एक जुना धार्मिक प्रश्न उभा राहतो: ज्या जमिनीवर आपण एका रात्रीचे पाहुणे, त्या जमिनीचं आपण काय देणं लागतो?

शिवाजी महाराज सिद्दी जौहरचा वेढा फोडून याच वाटेनं निघाले ती 12 जुलै 1660 ची रात्र आषाढ पौर्णिमेची होती. बौद्ध भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो तो याच पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे ज्या सुमाराला भिक्खूनं चालणं थांबवायचं, नेमक्या त्याच सुमाराला आपल्या इतिहासातली सर्वांत अवघड पायपीट झाली. महाराजांपुढे दुसरा मार्ग नव्हता. स्वराज्य पणाला लागलं होतं. आज त्या वाटेनं जाणाऱ्याला मात्र निवड आहे, आणि निवड आली की जबाबदारीही आली.

वर्षावासाचा नियम कसा पडला, याची हकीकत विनयपिटकातल्या महावग्गात आहे. भिक्खू तेव्हा उन्हाळा, हिवाळा, पावसाळा न बघता बारमाही फिरत. लोकांनी तक्रार केली की हे श्रमण भर पावसात हिरवं गवत तुडवत जातात, बारीकसारीक जीव यांच्या पायाखाली मरतात. इतर पंथांचे लोकसुद्धा पावसाळ्यात एका जागी राहतात आणि पाखरंही झाडाच्या शेंड्यावर घरटं करून थांबतात. बुद्धांनी ती तक्रार मान्य केली आणि पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. धर्मसंस्थापकानं सामान्य माणसाचं गाऱ्हाणं ऐकून आपल्या संघाची चाल बदलली, ही गोष्ट मोठी आहे. तक्रार करणारे शेतकरी असोत वा गावकरी, पावसाळ्यातल्या जमिनीची नाजूक अवस्था त्यांना रोज दिसत होती.

आजही ती करपेवाडीच्या माणसाला दिसते. जुलैत तिथं तरव्याची लावण चाललेली असते. वाट खाचरांच्या बांधांवरून जाते, आणि ओल्या बांधावरून एकामागोमाग शंभर जण गेले की तो खचतो, पाणी फुटतं. चिखल चुकवायला कुणी खाचरात पाय घातला की नुकतं रोवलेलं रोप दबतं. पाहुण्याला कुणी बोलत नाही. उलट चुलीवरची भाकरी आणि गरम पिठलं पुढं येतं.

मसाई पठाराची गोष्ट आणखी नाजूक. हा जांभ्याचा सडा आहे. कातळावर मातीचा पातळ थर, त्यावर पावसाळ्यापुरतं उगवणारं गवत आणि दवबिंदू, सीतेची आसवं यांसारख्या कीटक खाणाऱ्या वनस्पती. या वनस्पतींना फुलायला आणि बी धरायला पावसाळ्याचे मोजके आठवडेच मिळतात. महाराष्ट्र शासनानं 2022 मध्ये या पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, तो उगीच नाही. इथं तंबू लावायचा म्हटलं तर खुंटी कातळात शिरत नाही. मग ताणाचे दोर बांधायला आजूबाजूचे सुटे धोंडे उचलून आणले जातात. सड्यावर सुट्या धोंड्याखालची ओल हेच कितीतरी जीवांचं घर असतं. धोंडा उलटला की कधी बोटाच्या पेराएवढा बेडूक दिसतो, कधी विंचू, कधी गोम. नशीब असेल तर देवगांडूळ दिसतं. ते गांडुळासारखं दिसलं तरी बेडकाच्या गणगोतातला, पाय नसलेला उभयचर प्राणी आहे. तंबूवाला धोंडा घेऊन जातो आणि उघडा पडलेला जीव पावसात, पाखरांच्या नजरेसमोर राहतो. सकाळी तंबू निघतो, धोंडे तिथंच विस्कटलेले राहतात.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं: मुद्दाम कुणी करतं का? कुणाच्या मनात मारायचं नसतं.

कोल्हापूर परिसराला या उत्तराचा विचार परका नसावा, कारण दक्षिण महाराष्ट्राच्या या पट्ट्यात जैन समाज शतकानुशतकं शेती करत आला आहे. विसाव्या शतकात दिगंबर मुनिपरंपरेला नवं बळ देणारे आचार्य शांतिसागर (1872–1955) याच मातीतले. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या भोज गावाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. त्यांनी उत्तर भारत पायी पालथा घातला, पण पावसाळा आला की चातुर्मासाला एका ठिकाणी थांबत. जैन मुनी चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतो. बसण्याआधी मोरपिसांच्या पिच्छीनं जागा हलकेच झाडतो, आणि कमंडलू उचलून दुसरीकडे ठेवायचा झाला तरी आधी पिच्छी फिरते. चातुर्मासात कुंभोजच्या बाहुबलीला किंवा एखाद्या गावच्या बस्तीत गेलेल्यानं हे जवळून पाहिलेलं असतं.

हेतू आणि हिंसा यांचा संबंध जैन दर्शनानं फार कसून तपासला आहे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, आणला आहे. कुंदकुंदाचार्य प्रवचनसारात पुढं जाऊन सांगतात, की जीव मरो वा न मरो, बेफिकीर वागणाऱ्याला हिंसेचा दोष लागतोच. आणि जो पूर्ण काळजी घेऊन वागतो त्याला केवळ जीव मेला म्हणून बंध पडत नाही. म्हणजे ‘मनात नव्हतं’ एवढ्यावर सुटका नाही. बघितलं होतं का, हा खरा सवाल आहे. धोंडा उचलण्याआधी खाली वाकून न बघणारा इथं दोषी ठरतो, मग त्याखाली देवगांडूळ असो वा नसो. हा निकष कठोर वाटेल, पण तो माणसाला घरी बसवत नाही. तो त्याला डोळे उघडे ठेवून चालायला लावतो.

बौद्ध परंपरेनं थांबण्यासाठी जागाही अशी केली की दर वर्षी नवी जमीन मोडावी लागू नये. मसाई पठाराच्या कड्यात पांडवदऱ्याची लेणी आहेत. मोहिमेतले बरेच जण त्यांच्या जवळून जातात. घाट उतरून कोकणात गेलं की याचं मोठं रूप दिसतं. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीवर कुडा इथं डोंगरात 26 लेणी आहेत. समुद्रापासून जवळ, पण डोंगर चढून गाठायची. आत एका माणसापुरत्या खोल्या आणि निजायला दगडातच कोरलेला ओटा. दान देणाऱ्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आहेत: एक वैद्य, एक माळी, व्यापारी, आणि कऱ्हाडचा लोखंडाचा एक व्यापारी. घाटावरचा माणूस समुद्राकाठी अनोळखी माणसांच्या पावसाळ्याची सोय करून गेला. नाशिक आणि कार्ले इथले लेख तर असा निवारा चारी दिशांच्या संघाला दिल्याचं नोंदवतात. त्यात आज आलेला भिक्खू येतो आणि उद्या येणाराही. आत झोपलेल्याची त्यावर मालकी नाही.

विनयाचे बारीक नियमही या भावनेशी जुळणारे आहेत. संघाचा मंचक किंवा अंथरूण बाहेर मांडलं असेल तर निघण्यापूर्वी ते उचलून ठेवायचं. न ठेवता गेल्यास दोष. जमीन खणणं हा दोष. उगवती वनस्पती तोडणं हाही दोष. दोन हजार वर्षांपूर्वीची ही कलमं आजच्या कुठल्याही पठारावरच्या मुक्कामाला जशीच्या तशी लागू पडतात.

पण वारीचं काय, असं कुणी विचारेल, आणि ते बरोबर आहे. वारकरी आषाढातच चालतात. मात्र पालखीचा तळ ठरलेला असतो, वाट पिढ्यान्‌पिढ्यांची असते आणि गावोगावचे लोक त्या मुक्कामाचे यजमान असतात. वारीत कुणी अस्पर्श जागा शोधायला जात नाही. तंबूच्या मुक्कामात नेमकी तीच ओढ असते: जिथं कुणी नाही तिथं झोपायचं, आपलं घर पाठीवर न्यायचं आणि कुणाचे उपकार घ्यायचे नाहीत. यात स्वावलंबनाचा आनंद आहे, तो खोटा नाही. पण अध्यात्माच्या वाटेवर चालणाऱ्यांनी याच्या उलट वळण घेतलेलं दिसतं. दत्त संप्रदायाच्या श्रद्धेनुसार दत्तात्रेय स्नानाला काशीला, भिक्षेला कोल्हापूरला आणि निद्रेला माहूरला असतात. सर्वसमर्थ देवसुद्धा रोज दुपारी या शहरात कुणाच्या तरी दारात हात पसरतो, असं मानणारी ही परंपरा आहे. घेणं कमीपणाचं नाही, आणि घेतल्यावर ऋण मानायचं, हे त्यातून आलं.

म्हणून मसाई पठारावर एकट्यानं तंबू ठोकण्यापेक्षा वाडीतल्या ओसरीवर दाटीवाटीनं झोपणं हा धर्माच्या दृष्टीनं वरचढ मुक्काम आहे. तिथं जमीन आधीच सारवलेली असते, चूल आधीच पेटलेली असते, आणि सकाळी निघताना कुणाच्या तरी डोळ्यांकडे बघून निरोप घ्यावा लागतो.

मोहीम बंद करावी असं कुणी म्हणू नये. बाजीप्रभूंच्या वाटेवर पावसात चालण्याचा अनुभव तरुण पोरांना मिळायलाच हवा. आयोजकांनी मात्र यंदा एवढं करावं: पठारावर मळलेली पायवाट सोडू नये, तिथं तंबू लावू नये, धोंडा हलवू नये. बांधांवरून गट तोडून लहान लहान तुकड्यांनी जावं, आणि ज्याच्या खाचरातून वाट जाते त्याला आधी विचारावं. मुक्काम वाडीतच करावा, त्याचे पैसे त्याच घरांत द्यावेत, आणि निघण्यापूर्वी ओसरी झाडून द्यावी.