म्हातारपणाची काठी

मुलाला आपण म्हातारपणाची काठी म्हणतो. वर्गात हा शब्दप्रयोग मी कितीदा तरी शिकवला असेल. पण खरोखरीचा आधार घरात येईपर्यंत त्यातली गोम मला उमगली नव्हती.

अंकुशनगर ही साखर कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेली वस्ती. इथे दोन वर्षे मी आईचा हात धरून तिला मोरीपर्यंत नेले-आणले. गळिताच्या दिवसांत उसाच्या गाड्या रात्रभर चालतात. त्या आवाजातूनही तिची हाक मला ऐकू येई. लोक कौतुक करीत. खोटे कशाला सांगू, ते मला आवडेही.

मग एका शिबिरात तिला वॉकर मिळाला. रांग झाली, फोटो झाला. तिला नेमके काय जड जाते, हे मात्र कुणी विचारले नाही. वॉकर मोरीच्या उंबऱ्याला अडे. पुढे त्यावर कपडे वाळू लागले. त्या वेळी मी मनातून सुखावलो होतो. सेवा करणाऱ्यालाही सेवेची गरज असते की काय?

१९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी कृत्रिम पाय घडवला, तो आपल्या माणसाचे जगणे पाहून. बुटात बसणारा पाय अनवाणी चिखलात उतरणाऱ्याला, उकिडवे बसणाऱ्याला काय कामाचा? २०१७ च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत वृद्धांना साधने द्यायचे ठरले. २०२४ च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र वृद्धांच्या खात्यात एकरकमी ३००० रुपये. रक्कम तुटपुंजी खरी. पण निवड ज्याची त्याच्या हाती राहते.

आणि मी? दोन वर्षे हात धरला, पण विचारले कुठे होते? गेल्या दिवाळीत घराच्या डागडुजीला मिस्त्री आला, तेव्हा विचारले, "आई, तुला काय पाहिजे गं?"

"भिंतीला धरायला एक दांडा बसव," ती म्हणाली, "अन् तू झोपत जा की रं!"

एवढे उत्तर तिच्याजवळ तयार होते.

दांडा तिच्या हाताच्या उंचीवर बसला. तेव्हापासून हाक नाही. गळिताच्या रात्री मी अजूनही दचकून जागा होतो. दांड्यावर तिची बांगडी किणकिणते, उंबऱ्याशी ती क्षणभर थांबते. माझे पाय पांघरुणाबाहेर आलेले असतात. मी ते पुन्हा आत घेतो आणि मोरीतले पाणी वाजेपर्यंत ऐकत पडून राहतो.