विजेचा पाना आणि मनगट

मोटारीच्या चाकांचे नट सोडविण्यासाठीं विजेवर चालणारा पाना घरीं विकत घ्यावा कीं न घ्यावा, हा प्रश्न मासिकांत चर्चेस घेण्याइतका मोठा आहे काय, असें कित्येक वाचकांस वाटेल. आमच्या मतें तो आहे. ज्या प्रश्नांवर सभा भरतात त्यांविषयीं आपण मतें बनवितों. परंतु आपलें वर्तन बनतें तें दुकानाच्या पायरीवर, आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावर, ‘घेऊं कीं नको’ या घोटाळ्यांत.

प्रथम हें हत्यार काय आहे तें पाहूं. टायरच्या दुकानांत कर्कश आवाज करीत क्षणार्धांत नट उतरविणारी हवेची ‘गन’ बहुतेकांनीं पाहिली असेल. इम्पॅक्ट रेंच या नांवाचें तेंच यंत्र आतां बॅटरीवर चालतें आणि घरपोच मिळतें. त्याची युक्ति अशी कीं, तें नटाला एकसारखें पिळीत नाहीं. आंत एक लोखंडी हातोडा फिरत असतो. तो स्प्रिंगच्या जोरानें एका ऐरणीवर सेकंदांत अनेक वेळां आदळतो, आणि त्या ठोक्यांनीं नट हलतो. प्रत्येक ठोका इतका अल्पकाळ टिकतो कीं, धरणाऱ्याच्या मनगटास उलट धक्का फारसा जाणवत नाहीं. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

अशीं हत्यारें मूळचीं कारखान्यांतलीं. भोंकें पाडण्याचें विजेचें हातयंत्र स्टुटगार्ट येथें फाइन यांच्या कारखान्यांत 1895 सालीं तयार झालें. पिस्तुलासारखी मूठ आणि चाप असलेल्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत ब्लॅक आणि डेकर यांस 1917 सालीं मिळालें. आणि घरगुती गिऱ्हाइकांसाठीं तसलें यंत्र त्यांनीं बाजारांत आणलें तें दुसरें महायुद्ध संपल्यावर, 1946 सालीं. अर्धें शतक जें मजुरीचें साधन होतें तें तेव्हांपासून हौसेचेंही झालें.

आतां हिशेब. लहान मोटारीस चार चाकें, बहुधा प्रत्येकास चार नट, म्हणजे सोळा. टायरांची अदलाबदल करण्यासाठीं दहा हजार किलोमीटरांमागें एकदां चाकें उतरवावीं, आणि ब्रेक पाहण्यासाठीं आणखी एकदां, असें धरूं. बेतानें वापरलेली घरची मोटार वर्षांत साधारण तितकीच धांवते. एक नट सोडण्यास पांच सेकंद व लावण्यास पांच सेकंद लागले, तर हें यंत्र वर्षाकाठीं पांच-साडेपांच मिनिटें चालणार. उरलेला सगळा काळ तें कपाटांत पडून राहणार. आणि त्यांतली लिथियमची बॅटरी अशी आहे कीं, ती न वापरतांही म्हातारी होते. साध्या लोखंडी पान्यास ही व्याधि नाहीं.

पण या हिशेबानें प्रश्न सुटतो असें आम्हांस वाटत नाहीं. मिनिटें मोजूनच वस्तूंची योग्यता ठरवावयाची, तर आमच्या कपाटांतील पुष्कळ जाडे ग्रंथ उद्यां रद्दींत घालावे लागतील. शिवाय, सुशिक्षित मनुष्यानें स्वतःच्या मोटारीखालीं शिरावें यांत आम्हांस मोठा लाभ दिसतो. आपल्या समाजांत लेखणी धरणारे हात आणि हातोडा धरणारे हात यांची पिढ्यान् पिढ्या फारकत झाली. खंडेनवमीला आपण हत्यारांस हळद-कुंकू वाहतों व झेंडूची माळ घालतों, आणि त्या हत्यारांवर पोट भरणाऱ्यास दारांत उभें ठेवतों. अशा घरांतला पदवीधर तरुण नखांत वंगण भरेपर्यंत चाकाशीं झटत असेल, तर विजेच्या पान्याच्या मोहानें कां होईना, पण झटतो आहे हें चांगलेंच. यानें कोपऱ्यावरच्या मिस्त्रीची रोजी बुडते, हा आक्षेप आम्ही फार मोठा मानीत नाहीं. जो स्वतः काम करून पाहतो तोच मिस्त्रीच्या कामाची किंमत न कुरकुरतां देऊं लागतो, असा आमचा अनुभव आहे.

यंत्रमात्रास नकार देणारी एक वृत्ति मात्र विचारांत घेतली पाहिजे. च्वांग-त्सु या चिनी तत्त्ववेत्त्याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांत एका म्हाताऱ्या माळ्याची गोष्ट आहे. तो विहिरींत उतरून घागरीनें पाणी आणतो. कोणी त्यास पाणी उपसण्याची ढेंकळी सुचवितो, तर तो म्हणतो कीं तें यंत्र मला ठाऊक आहे, पण त्याच्याबरोबर यंत्राचें मनही येतें, म्हणून तें वापरण्याची मला लाज वाटते. गोष्ट सुंदर आहे. परंतु त्या म्हाताऱ्याची सून त्याच पायऱ्या उतरत असती, तर तिला काय वाटलें असतें हें ग्रंथकारानें सांगितलेलें नाहीं. यंत्रांचे टीकाकार म्हणून प्रसिद्ध असलेल्या गांधीजींनीं 1924 सालीं एका संभाषणांत सिंगरच्या शिवणयंत्रास अपवाद केला, तो आम्हांस अधिक पटतो. आपल्या पत्नीचे कंटाळवाणे श्रम वांचावे या प्रेमांतून तें यंत्र निघालें, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणजे कसोटी यंत्राची नव्हे; कोणाचे कोणते श्रम वांचतात याची आहे.

ही कसोटी आमच्या पान्यास लावून पाहिली म्हणजे असें दिसतें कीं, त्याचीं कामें दोन आहेत, आणि तीं एका जातीचीं नाहींत. गंजून बसलेला नट सोडणें हें निव्वळ बळाचें काम. तें यंत्रानें केल्यानें मनुष्याचें कांहींच उणें होत नाहीं. ज्याच्या खांद्यांत संधिवात आहे, जिच्या अंगीं तेवढी ताकद नाहीं, त्यांस तें यंत्र स्वातंत्र्यच देतें. नट आवळणें हें मात्र बळाचें नव्हे, प्रमाणाचें काम. लहान मोटारीचे नट साधारणतः 100 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावयाचे असतात. नेमका आंकडा गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. डिकींतल्या फूटभर लांबीच्या पान्यानें असा नट सोडण्यास टोंकावर सुमारें 34 किलोचा भार द्यावा लागतो. तोच नट यंत्रानें 250 न्यूटन-मीटरपर्यंत ठोकला, तर हा भार 85 किलोच्या घरांत जातो. आणि ठोकणाऱ्यास हें कळत नाहीं, कारण धक्का त्याच्या मनगटापर्यंत पोंचलेलाच नसतो. फार आवळल्यानें स्टड ताणतो, आटे जातात, हें नुकसान निदान पैशानें भरून येईल. परंतु पुढें एखाद्या पावसाळी रात्रीं खंबाटकीच्या घाटांत टायर बसला, आणि स्टेपनी लावण्यासाठीं त्याची मुलगी पान्यावर उभी राहिली तरी नट हलला नाहीं, म्हणजे बापानें चाप दाबून वांचविलेले श्रम तिच्या वांट्यास येतात. येथें प्रश्न नीतीचा होतो. आपण जी सोय घेतों तिचें ओझें कोठें तरी उतरतें. तें कोणावर उतरतें हें न पाहतां घेतलेली सोय आम्ही निर्दोष मानीत नाहीं.

म्हणून आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही म्हणूं कीं, आधीं टॉर्क रेंच घ्या. तो यंत्राच्या मानानें स्वस्त असतो, त्यास बॅटरी नाहीं. ठरविलेला जोर झाला कीं तो ‘टक्’ असा आवाज करतो आणि हात तेथें थांबवावयास शिकवितो. नट प्रथम बोटांनीं फिरवावे, समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, आणि शेवटचा जोर याच पान्यानें द्यावा. हें ज्यास साधलें त्याच्या हातीं विजेचा पाना दिला तर आमची हरकत नाहीं.

मग तो विकतच घ्यावा काय? पूर्वी वाड्यांत पाटा एका बिऱ्हाडाचा, जातें दुसऱ्याचें, मोठें पातेलें तिसऱ्याचें असे. मागणें आणि देणें यांत कोणास कमीपणा वाटत नसे. वाटतच नसे असें म्हणणेंही फार होईल. परत आलेल्या पातेल्याचा पोंचा पुष्कळ दिवस बोलण्यांत राही. तरी तें चाले. आज चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतींत चाळीस शिड्या आणि चाळीस ड्रिल असतात, आणि त्यांतल्या बहुतेक गरजेपोटीं नव्हे, तर शेजाऱ्याच्या दाराची घंटा वाजवावी लागूं नये म्हणून घेतलेल्या असतात. उपकार घेण्याचा जो संकोच, त्याची किंमत आपण दुकानदारास रोख देतों, आणि तिला स्वावलंबन म्हणतों.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीत असें एक यंत्र व दोन टॉर्क रेंच वर्गणी काढून घेतलेले आहेत. तीं पहारेकऱ्याच्या खोलींत असतात. नेणारा वहींत नांव, वेळ आणि बॅटरी कितपत उरली तें लिहितो. वही आम्हीं चाळली. टॉर्क रेंचच्या नोंदी यंत्राच्या जवळजवळ दुप्पट आहेत, आणि एके ठिकाणीं कोणी तरी शेऱ्यांत लिहिलें आहे, ‘तिसऱ्या मजल्यावरील आजोबांनीं दाखविल्याप्रमाणें आवळले.’