अभंगाचे शब्द आणि चालीचा धनी

अभंगाच्या शेवटच्या चरणात कर्त्याचे नाव येते. नामा, जनी, चोखा, एका, तुका या मुद्रांमुळे शब्दांची जबाबदारी कोणाची ते ऐकणाऱ्याला कळते. चालीला अशी मुद्रा नसते. वारकरी फडावरची चाल मूळ कोणी बांधली हे विचारण्याचा रिवाजच नाही. ती परंपरेची असते आणि तेवढे पुरते. भक्तिविचारातला एक जुना पेच इथेच आहे. सूर हे देवापर्यंत जाण्याचे साधन असेल, तर त्याच्या सौंदर्याचे श्रेय कोणाला? आणि सूरच फार गोड झाला, तर मन पुढे सरकते की तिथेच बसून राहते?

तुकोबा एका अभंगात आपल्याला गाता येत नसल्याचे सांगतात आणि तरीही गाणार म्हणतात. हा निव्वळ विनय नाही. भजनाचा अधिकार गळ्यावर ठरत नाही, असा सिद्धान्तच त्यात आहे. रामदास संगीताला जास्त जागा देतात. दासबोधाच्या चौथ्या दशकात कीर्तनभक्ती सांगताना ताळ, मृदंग, गायन, नृत्य हे सारे त्यांना हवे आहे. अट एवढीच की कथेचे अनुसंधान तुटू नये. चौदाव्या दशकात मात्र कलेत अडकलेले मन हरिकथेला विघ्न कसे होते, हेही ते बजावतात. हा पेच केवळ आपल्याकडचा नाही. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात कबूल केले आहे की, स्तोत्रातल्या आशयापेक्षा गाणेच मनाला अधिक भिडले तर ते आपल्याला पाप वाटते. तरी चर्चमधले गायन बंद करावे, असे त्यांनी म्हटले नाही.

विसाव्या शतकात चालीला धनी मिळाला. 1936 साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाला केशवराव भोळे यांनी संगीत दिले. त्यातले एक पद शांताराम आठवले यांनी लिहिलेले होते. पण शब्द आणि चाल यांचा मेळ असा बसला की, ते तुकोबांचेच आहे असे असंख्य लोक समजून चालले. इथे शब्द आणि चाल दोन्हींचे कर्ते ठाऊक असूनही गाण्याने स्वतःहून परंपरेचा आश्रय घेतला. पुढे राम फाटक यांनी पुणे आकाशवाणीसाठी अभंगांना चाली दिल्या आणि भीमसेन जोशी यांच्या आवाजात त्या घरोघरी गेल्या. श्रीनिवास खळे (1926–2011) यांनी तुकोबांचे, तर हृदयनाथ मंगेशकर यांनी ज्ञानदेवांचे अभंग लता मंगेशकरांसाठी स्वरबद्ध केले. या चाली अपूर्व आहेत, पण सोप्या नाहीत. त्यांतली काही वळणे घेताना तयारीचा गायकही सावध होतो. भाविकाने हात जोडून ऐकावे असे हे संगीत आहे. त्याने ते स्वतः गावे, अशी त्याची रचना नाही.

भजनी मंडळात नेमके हेच अडते. पनवेल–रोहा लोहमार्गावरचे जिते असो की पेण आणि रोहा तालुक्यांतले दुसरे गाव, गणपतीतल्या रात्री आणि हरिनाम सप्ताह पखवाज, टाळ आणि पेटीवर जागतात. बुवा ओळ सांगतो, टाळकरी ती उचलतात. उचलता येत नाही ती ओळ भजनात टिकत नाही. म्हणून ध्वनिमुद्रिकेवरची चाल मंडळात आली की तिची छाटणी होते. मुखडा राहतो, वाद्यवृंदाचे तुकडे गळतात, अवघड ताना जातात, मोकळ्या झालेल्या जागी गजर येतो. संगीतकाराला हे रुचेलच असे नाही. चित्रपटगीताच्या चालीवर अभंग बसवण्याची हौसही याच मंडळांत आहे आणि जुनी माणसे तिच्यावर नाक मुरडतात. त्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही, कारण ओळखीची चाल आपले मूळ शब्द सोबत घेऊन येते आणि विठ्ठलाच्या जागी पडद्यावरचा नायक उभा राहतो.

चालीपेक्षा शब्दांच्या अर्थाकडे वळणारी वाटही आहे. विनोबांचा जन्म 1895 साली याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. त्यांनी ज्ञानदेवांची भजने निवडून त्यांवर चिंतनिका लिहिल्या, तेव्हा भर अर्थावर आणि मननावर होता. पण अर्थाला सर्वस्व मानले, तर अभंग एकट्याने वाचूनही भागेल. मग शंभर माणसांनी एकत्र बसण्याचे कारण उरत नाही.

एकत्र बसून गाण्याच्या या प्रश्नाला फिलिपिन्समध्ये संगीतकार होझे मासेदा (1917–2004) यांनी रचनेतूनच हात घातला. युरोपीय धाटणीच्या चर्चसंगीताची तिथे जुनी परंपरा होती. 1968 च्या ‘पागसांबा’ या त्यांच्या कृतीत उपासनेचे शब्द तागालोग भाषेतले आहेत, आणि साथीला घंटा व बांबूची देशी वाद्ये आहेत. दिलिमान इथल्या वर्तुळाकार चर्चमध्ये वादक आणि गायक श्रोत्यांमध्येच विखुरून बसवले होते. कृतीवर कर्त्याचे नाव ठळक आहे, तरी गाणारे कोण आणि ऐकणारे कोण ही सीमा तिने पुसट केली.

तेव्हा चाल जुनी की नवी, बिनानावाची की नामवंताची, यावर तिची धार्मिक योग्यता ठरवणे फोल आहे. ऐकणाऱ्याला गाण्यात ओढून घेणारी चाल उपासनेची होते, मग ती काल बांधलेली का असेना. खळ्यांची एखादी चाल छाटली जाऊन टाळकऱ्यांच्या तोंडी रुळते आणि ती कोणाची हे बुवालाही सांगता येत नाही, तेव्हा संगीतकाराचे नाव हरवलेले असते. तुकोबांचे मात्र त्याच गाण्याच्या शेवटच्या चरणात दरवेळी उच्चारले जाते.