पाप कुणाच्या खात्यावर?

माझी नोकरी उंदरांच्या अंगावरच्या पिसवा मोजण्याची होती. मुंबईत रात्रपाळीचे मूषक संहारक पहाटे उंदीर-घुशी आणून टाकत. सापळ्यातला जिवंत असला तर आधी क्लोरोफॉर्म, मग पांढऱ्या ट्रेवर धरून त्याचे केस विंचरायचे. खाली पडलेल्या पिसवा टिपायच्या, भिंगाखाली जात ओळखायची, आकडा वहीत चढवायचा. झेनोप्सिला चिओपिस या जातीची पिसू उंदरामागे सरासरी एकाहून जास्त भरली, की धोक्याची खूण.

माझा मदतनीस माळकरी होता. क्लोरोफॉर्मची बाटली उघडण्याआधी तो गळ्यातली माळ शर्टाच्या आत सरकवायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, हे पाप कुणाच्या खात्यावर? मारणाऱ्याच्या, मोजणाऱ्याच्या, का पगार देणाऱ्याच्या?" मी हसून टाळलं.

निवृत्तीनंतर एका अभ्यासामुळे तो प्रश्न परत समोर आला. न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या शहरातले १३३ तपकिरी उंदीर तपासून २०१४ मध्ये निष्कर्ष छापले. लेप्टो, साल्मोनेला हे ओळखीचे जंतू होतेच. शिवाय विज्ञानाला ठाऊक नसलेले १८ विषाणू सापडले. 'नवे' हा शब्द वाचून माझी मुलगी धास्तावली. मी म्हटलं, अगं, ते काल जन्मलेले नाहीत. उंदरांच्या शरीरात त्यांचं बिऱ्हाड जुनंच असणार. आपण दार आत्ता ठोठावलं.

पिसवांचं कोडं तर आणखी बिकट. पिसवेत विषाणू सापडला, तर तो तिचा स्वतःचा, की तिने नुकत्याच प्यायलेल्या रक्तातला? भिंगाखाली एक जीव धरावा, तर त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. मग अपराधी कोण ठरवायचा?

हे ठरवण्याची घाई काय करते, ते आपल्याकडे घडून गेलं आहे. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात सोजिरांनी घरं झडतीला घेतली, सामान रस्त्यावर आलं. पिसवेवर बोट ठेवलं ते पॉल-लुई सिमाँ यांनी, १८९८ मध्ये, कराचीत. मेलेला उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडून ऊबदार अंग शोधते. एवढं कळेपर्यंत आळ माणसांवर आला होता. म्हणून शोधणं हे मला पुण्यकर्मच वाटतं. पण त्याची किंमत उंदीर मोजतो, हेही खरं.

धर्मशास्त्रात 'पंचसूना' सांगितल्या आहेत: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. गृहस्थाच्या हातून जिथे नकळत जीव मरतात अशा घरातल्या पाच जागा. हिंसेवाचून संसार चालतो, असा भाबडेपणा तिथे नाही. हिंसा झाली हे मान्य करा आणि रोजच्या पाच यज्ञांनी ती फेडा, एवढंच मागणं आहे. माझा पांढरा ट्रे मी सहावी सूना मानतो.

फेड कशाने? एक ज्ञानाने. त्या १८ विषाणूंपैकी दोन हेपॅटायटिस सी च्या विषाणूचे नातलग निघाले. मूळ विषाणू प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरांत वाढत नाही, लसीच्या कामातली ती मोठी अडचण. २०१७ मध्ये या नातलगांपैकी एकाच्या मदतीने अशा उंदरांत आजाराचा नमुना उभा करता आला. न्यूयॉर्कच्या उंदरांनी दिलेलं असं काही माणसाच्या कामी येतं, तेव्हा खात्यात थोडी जमा पडते.

दुसरी फेड साधी आहे. अन्न मिळतं म्हणून उंदीर वाढतात, वाढले की मारावे लागतात. मदतनीसाने खाती तीनच मोजली होती. चौथं खातं रात्री ओला कचरा नाक्यावर उघडा टाकणाऱ्याचं, आणि माझ्या मते त्याच्यावरची बाकी सगळ्यांत मोठी आहे. आज झोपण्यापूर्वी आपल्या डब्यावर झाकण आहे ना, एवढं बघा.